तिकिटावरचा तास आणि दारापासूनचा वेळ



आपल्या बीड जिल्ह्यातून आज प्रवासी विमान उडत नाही. तरीही विमानाचा हिशेब जिल्ह्यातील बहुतेक व्यापारी घरांत होऊ लागला आहे. कोणाचा मुलगा बंगळुरूस नोकरीला आहे, कोणाची लेक चेन्नईस दिलेली आहे, कोणास दिल्लीच्या घाऊक बाजारातून माल आणावयाचा आहे, तर कोणास आई-वडिलांना मुंबईच्या रुग्णालयात दाखवावयाचे आहे. अशा वेळी घरातील तरुण मंडळी मोबाईलवर दोन विमानतळांची नावे घालतात आणि क्षणात उत्तर येते : इतके किलोमीटर, इतकी मिनिटे. ते उत्तर खोटे नसते. मात्र ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचे असते आणि आपला प्रवास दुकानाच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. या दोन आकड्यांचा नेमका अर्थ काय, आणि बीडकराने त्यांवरून आपला हिशेब कसा मांडावा, याचा विचार आज करू.

प्रथम अंतर पाहू. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे २७९ किलोमीटर आहे. चिकलठाण्याहून दिल्लीचे अंतर सुमारे ९८० किलोमीटर आहे. ही अंतरे कोणी चाक फिरवून मोजलेली नसतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्यांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा गणिताने काढली जाते. मोसंबीवर दोन टिंबे करून त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणला, तर तो आपोआप ज्या वाटेने बसतो ती ही रेषा होय. विमानविद्येत ती नॉटिकल मैलांत मोजतात; एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या मापाने चिकलठाणा ते मुंबई हे अंतर दीडशे मैलांच्या आसपास भरते. प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. त्याला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते, वाऱ्याला सामोरे जाऊन धावपट्टीवर उतरावे लागते आणि गर्दी असल्यास आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. म्हणून हवाई अंतर हे नेहमी किमान अंतर समजावे.

आता वेळेकडे वळू. मोबाईलवर दिसणारा वेळ पुष्कळदा साध्या भागाकाराने काढलेला असतो : अंतराला ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने भागावयाचे आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावयाचा. विमान कंपनीचे वेळापत्रक याहून निराळे असते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. चिकलठाणा ते मुंबई या उड्डाणास वेळापत्रकात साधारण एक तास दहा मिनिटे लागतात आणि दिल्लीस साधारण दोन तास. अंतर साडेतीन पट झाले, पण वेळ दुप्पटही झाला नाही. हे कसे?

दुकानाच्या हिशेबाची सवय असलेल्यांना हे समजण्यास अडचण पडणार नाही. दिल्लीचे अंतर मुंबईपेक्षा सुमारे ७०० किलोमीटरने अधिक आहे आणि वेळ केवळ ५० मिनिटांनी अधिक आहे. म्हणजे हे वाढीव अंतर विमान ताशी साडेआठशेच्या आसपासच्या वेगाने कापते. त्याच वेगाने मुंबईचे २७९ किलोमीटर कापावयास वीस मिनिटे पुरेशी होती. मग उरलेली पन्नास मिनिटे कशाची? ती धावपट्टीपर्यंत सरकण्याची, रांगेत थांबण्याची, वर चढण्याची, खाली उतरण्याची आणि पुन्हा जागेवर येण्याची आहेत. जवळ जा वा दूर जा, ही पन्नास मिनिटे द्यावीच लागतात. दुकानाचे भाडे जसे विक्री थोडी झाली म्हणून कमी होत नाही, तसा हा स्थिर खर्च आहे. शिवाय विमानाला आपल्या उंचीवर पोहोचण्यास शंभर-दीडशे किलोमीटर लागतात आणि उतरण्यासही जवळपास तितकेच. मुंबईच्या उड्डाणात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. त्यातच मुंबईच्या या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानांना वाट पाहावी लागते.

आडत दुकानावर तुरीचे पोते काट्यावर चढते, तेव्हा बारदान्याचे वजन वजा करूनच शेतकऱ्याची पट्टी होते. पन्नास किलोच्या पोत्याला बारदाना जेमतेम किलोभर असतो, म्हणून त्याचे कोणास काही वाटत नाही. जवळच्या विमानप्रवासात मात्र उलट होते. पाव किलो मिठाईला अर्ध्या किलोचा खोका असावा, तसा येथे बारदाना मालापेक्षा जड असतो. वर सांगितलेला बारदाना तर केवळ विमानतळाच्या कुंपणाआतला झाला. बीडकराचा खरा बारदाना कुंपणाबाहेर आहे.

समजा, बीड शहरातून मुंबईच्या काळबादेवीस जावयाचे आहे. गेवराई, शहागडचा गोदावरी पूल, पाचोड या मार्गाने चिकलठाणा सुमारे सव्वाशे किलोमीटर. वाटेतील ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, एखादा चहा हे सर्व धरून अडीच तास ठेवणे शहाणपणाचे. देशांतर्गत उड्डाणाची सामान देण्याची खिडकी बहुधा एक तास आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचावे. विमानाचा वेळ एक तास दहा मिनिटे. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर येण्यास पस्तीस मिनिटे आणि तेथून काळबादेवीस सव्वा तास. बेरीज करा : बरोबर सात तास. त्यांपैकी तिकिटावरचा वेळ एक षष्ठांश! बीड ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. त्याला सात तासांनी भागले, तर आपण ताशी ४३ किलोमीटर या वेगाने गेलो असे दिसते. रात्रीच्या बसने हाच प्रवास नऊ-दहा तासांचा आहे, परंतु त्यातील बरेच तास झोपेत जातात आणि सकाळी बाजार उघडताना माणूस बाजारात असतो. विमानाने वाचलेले दोन-तीन तास हे दिवसाचे कामाचे तास खर्चून वाचविलेले असतात, हे विसरू नये.

आता हीच खतावणी दिल्लीसाठी मांडू. चिकलठाण्यापर्यंत अडीच तास, तेथे दीड तास, विमानात दोन तास, बाहेर पडण्यास पस्तीस मिनिटे, विमानतळावरून शहरातील बाजारापर्यंत एक तास. एकूण सात तास पस्तीस मिनिटे. म्हणजे विमानाने जाणाऱ्या बीडकराला दिल्ली ही मुंबईपेक्षा केवळ अर्ध्या-पाऊण तासाने दूर आहे! सचखंड एक्स्प्रेसने संभाजीनगरहून दिल्लीस जवळपास एक दिवस लागतो. दिल्लीच्या प्रवासात विमान खरोखर एक दिवस हातात देते. मुंबईच्या प्रवासात ते जे देते, त्याचा बराच भाग रस्त्यावर परत घेते. म्हणून विमान परवडते की नाही, हा प्रश्न केवळ भाड्यावरून सोडवू नये. अंतर जितके लांब, तितका बारदाना हलका होतो.

बीड-मुंबई या वाटेत आणखी एक गंमत दडलेली आहे. नकाशा काढून पाहिल्यास बीड शहर आणि मुंबईचे विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, एकोणीस अंशांच्या आसपास, आहेत. मुंबई आपल्या थेट पश्चिमेस आहे. विमानासाठी आपण मात्र आधी उत्तरेस सव्वाशे किलोमीटर जातो आणि मग २७९ किलोमीटर उडतो. एकूण चारशेहून अधिक किलोमीटर झाले. अहिल्यानगर व माळशेज घाटाच्या रस्त्याने मुंबई सुमारे तितकीच आहे. याचा अर्थ असा की, आपला निम्मा त्रास विमानाच्या वेगाचा नसून विमानतळाच्या जागेचा आहे. जिल्ह्यात विमानतळ व्हावे, अशी मागणी होत असते. ते झाल्यास आकाशातील वेळ फारसा बदलणार नाही. अडीच तासांचा रस्ता अर्ध्या तासावर येईल, खरा लाभ तो. परंतु उड्डाण दिवसातून एकदाच आणि गैरसोयीच्या वेळी असेल, तर रस्त्यावर वाचलेले तास प्रतीक्षालयात जातील. ही तपासणीही हिशेबात धरावी.

शिवाय जिल्हा मोठा आहे आणि सर्वांचा हिशेब एक नाही. आष्टी-कड्याच्या मंडळींना पुण्याचे विमानतळ सोयीचे पडते आणि तेथून निवडीस उड्डाणेही पुष्कळ मिळतात. परळी-अंबाजोगाईकरांना नांदेड जवळचे. मात्र तेथून हव्या त्या दिवशी उड्डाण आहे का, हे आधी पाहावे लागते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली. पुढे गाड्या वाढल्या तर पुण्याचे विमान गाठण्याचा तोही एक मार्ग होऊ शकेल. त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. हवाई अंतराच्या दृष्टीने मुंबईची ही दोन विमानतळे जवळजवळ सारखीच. पण पुण्याकडून रस्त्याने येणाऱ्यास पनवेलजवळचे नवे विमानतळ आधी लागते, तर अंधेरीच्या विमानतळासाठी सारी मुंबई अंगावर घ्यावी लागते. म्हणून तिकीट काढताना केवळ ‘मुंबई’ हे नाव न पाहता विमानतळ कोणते ते पाहावे. चुकीच्या विमानतळावर पोहोचणाऱ्यास हवाई अंतर काहीच उपयोगी पडत नाही.

परगावी व परदेशी जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तर व मध्य भारतावरून, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे मुंबईहून कोलकात्यास जाताना विमान लवकर पोहोचते आणि तेच १,६६० किलोमीटरचे अंतर परतताना अधिक वेळ घेते. अंतर तेच, पण जाण्याचा व येण्याचा वेळ एक नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची. तिकिटावरील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून दुबईस साधारण सव्वातीन तास लागतात; पण तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी केली तर पावणेदोन तासच दिसतात. परतताना तीच वजाबाकी प्रत्यक्ष वेळेपेक्षा दीड तासाने अधिक दिसते.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ घड्याळाचा नाही. सूर्य आकाशात एक अंश सरकण्यास चार मिनिटे घेतो. म्हणून बीडपेक्षा मुंबईचा सूर्यास्त दहा-बारा मिनिटे उशिरा होतो आणि कोलकात्याचा मुंबईपेक्षा सुमारे एक तास आधी. संध्याकाळी मुंबईहून कोलकात्यास निघालेल्या प्रवाशास विमानात अपेक्षेपेक्षा फार लवकर अंधार गाठतो. पश्चिमेस निघालेल्यास मावळतीचा सूर्य बराच वेळ दिसत राहतो. उंचीमुळेही तो जमिनीपेक्षा दहा-पंधरा मिनिटे अधिक दिसतो. कोणती वेळ धरावी, हा ज्याच्या त्याच्या नियमाचा व गुरुवर्यांच्या मार्गदर्शनाचा विषय आहे. व्यवहारात निघण्यापूर्वीच आहार आटोपणे सर्वांत निश्चिंत. ज्यांनी दिग्व्रताची मर्यादा किलोमीटरमध्ये घेतली आहे, त्यांनीही ती मर्यादा रस्त्याच्या अंतराने मोजावयाची की हवाई अंतराने, हे नियम घेतानाच स्पष्ट करून ठेवावे. मोजण्याचे माप नंतर सोयीने बदलले, तर मर्यादेला अर्थ राहत नाही.

खरे तर दारापासून दारापर्यंतचा हिशेब आपल्या समाजास नवा नाही. साधू-साध्वींच्या विहाराचे नियोजन करणारी मंडळी कधीही सरळ रेषेतील अंतर विचारत नाहीत. सूर्योदय किती वाजता, पुढील मुक्कामाचे गाव किती कोसांवर, वाटेत पूल आहे की नाही, उतरण्यास शाळा आहे की एखाद्याचे घर, वयोवृद्ध साध्वीजींचा चालण्याचा वेग किती, हे सर्व ते आधी पाहतात. त्यांचा दिवसाचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरांचा असला, तरी सांगितलेली वेळ सहसा चुकत नाही. वेग कितीही वाढला, तरी ही शिस्त सोडण्याचे कारण नाही.

या हिशेबाचे खरे मोल घरात दुःखद प्रसंग ओढवतो त्या दिवशी कळते. मुंबईस असलेल्या मुलास निरोप जातो. कोणी तरी सांगते, ‘तो विमानाने निघतो आहे, तासाभराचे तर विमान आहे.’ ऐकणारा मनाशी दोन-तीन तास धरतो आणि अंत्ययात्रेची वेळ ठरवून सर्वांना संदेश पाठवतो. प्रत्यक्षात, त्या वेळी विमान मिळालेच, तरी मुलाला घराच्या पायरीपर्यंत पोहोचण्यास सात तास लागणार असतात. मग एक तर मुलाचे अंत्यदर्शन चुकते, नाही तर दुरून आलेली वृद्ध मंडळी अंगणात तासन् तास ताटकळतात. मुलगा वाटेत असतो आणि प्रत्येक दहा मिनिटांनी त्याला ‘कुठे पोहोचलास’ असे विचारले जाते. या प्रसंगी दोष कोणाचाच नसतो. केवळ तिकिटावरचा तास हाच प्रवासाचा वेळ समजला गेलेला असतो.

नेत्रदानाच्या बाबतीत तर ही तफावत भरून निघत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान होणे आवश्यक असते. आपल्या समाजात नेत्रदानाचा संकल्प करणारे पुष्कळ आहेत. ‘मुलगा येऊ दे, मग ठरवू’ असे म्हणून घर थांबले, तर सात तासांचा प्रवास करून येणाऱ्या मुलाच्या हाती त्या संकल्पाचे काहीच उरत नाही. म्हणून परगावी असलेल्या मुलांशी ही गोष्ट आधीच बोलून ठेवावी. प्रसंगी त्यांची संमती फोनवरून विचारावी, घरी उपस्थित असलेल्या निकटच्या नातलगाने लेखी संमती द्यावी आणि नेत्रपेढीस तत्काळ कळवावे. मुलाची वाट पाहणे वात्सल्याचे आहे. आई-वडिलांची अखेरची इच्छा वेळेत पूर्ण करणे हेही तितकेच त्याच्या वतीने केलेले कर्तव्य आहे.

यासाठी प्रत्येक घराने एक छोटा कागद तयार करावा, असे सुचवावेसे वाटते. आपल्या गावापासून सोयीची दोन विमानतळे लिहावीत. प्रत्येकासमोर रस्त्याचा वेळ, आधी पोहोचण्याचा वेळ, विमानाचा वेळ, बाहेर पडण्याचा वेळ आणि तेथून घरापर्यंतचा वेळ असे पाच आकडे मांडावेत व खाली बेरीज करावी. दूरच्या मुला-मुलींनी आपापल्या गावची हीच बेरीज करून आई-वडिलांना कळवावी. दुसऱ्या विमानाने पुढे जावयाचे असल्यास मधल्या थांब्याचा वेळही त्यात धरावा. हा कागद दुकानातील दिनदर्शिकेमागे लावून ठेवला, तर ऐन वेळी मोबाईल चाळावा लागणार नाही.

कमी-अधिक वजन-माप करणे हा आपल्या परंपरेने अचौर्य व्रताचा दोष मानला आहे आणि आपले पूर्वज काट्याच्या बाबतीत फार दक्ष असत. वाट पाहणाऱ्यास सांगितलेली वेळ हेही एक मापच आहे. ‘तासाभरात पोहोचतो’ असे सांगून सात तासांनी येणे म्हणजे समोरच्याचे सहा तास तोलात मारणे होय. येथून पुढे कोणी विचारले, ‘किती वेळात याल?’, तर तिकिटावरचा आकडा न सांगता बारदान्यासह पूर्ण वजन सांगावे. वाट पाहणाऱ्यास आपल्याला किती वेळ थांबावयाचे आहे हे खरेपणाने कळले, की त्याची अर्धी काळजी मिटते.

जय जिनेंद्र.